पिंडावरचा शेंगदाणा

आधीच सांगते, आमच्यात कावळ्याला घास ठेवत नाहीत. मागच्या वर्षी माझी श्रेया डेंग्यूनं गेली तेव्हा भंतेजी आले, वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले. संपलं. त्यामुळं शेजारच्या साळूकाकूंच्या सुदर्शनचा सकाळी सकाळी फोन आला तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्याच्या वडलांचा, तात्यासाहेबांचा, दहावा होता त्या दिवशी.

"संध्याताई, तुमचे ते पाखरांचे गोळे घेऊन तलावावर या ना. पिंडाला कावळा शिवंना."

"अरे, मी काय कावळ्यांची मालकीण हाय का?"

"तुमच्या अंगणात येतेत की रोज."

येतात. खोटं कशाला बोलू? कावळे, बुलबुल, साळुंक्या, सगळी पलटण येते. ते वेड श्रेयाचं. आधी मी उरलंसुरलं टाकायचे, फोडणीचा भात, शेव, काहीही. पोरगी अंगावर धावून यायची. "मम्मी, मीठ नको गं त्यांना, मरतील! तेल नको, तिखट नको!" मग तिनंच ते गोळे काढले. बाजरीचं पीठ कोरडं भाजायचं, बिनमिठाचे शेंगदाणे बारीक कुटायचे, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करायचा आणि पाण्यात मळून सुपारीएवढं वळायचं. उरले तर दुसऱ्या दिवशी द्यायचे नाहीत, बुरशी धरते म्हणे. पोरगी गेली आणि गोळे माझ्या गळ्यात पडले. औरंगपुऱ्याला दुकानात कामाला जायच्या आधी मी रोज वळते. हात चालू असले की रडू येत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

दर्भाचा कावळा करा आणि मोकळे व्हा, असं मी सुदर्शनला सुनावणारच होते. तेवढ्यात काकूंनी फोन घेतला. "संध्ये, ये गं बाई. हे माझ्यावर रागावलेत."

आता काय करता? डबा घेतला, स्कूटी काढली आणि हर्सूलच्या तलावावर गेले.

ऊन चांगलंच वर आलं होतं. काठावर पत्रावळीवर भाताचा पिंड, माणसं लांब उभी, आणि बाभळीवर दोन कावळे बसलेले निवांत. सुदर्शन हात जोडून ओरडत होता, "तात्या, आईला अंतर देणार नाय! शेताला हात लावणार नाय! धाकटीचं लग्न थाटात करतो!" प्रत्येक वचनानंतर सगळे बाभळीकडं बघायचे. कावळे हलायला तयार नाहीत. गुरुजी मोबाईल बघत होते.

काकूंनी मला बाजूला ओढलं.

"त्याला काय ठावं गं? त्या दिवशी सकाळी हे बालुशाही मागत होते. साखर वाढलेली. मी म्हणले, मरायचंय का तुम्हाला? आन संध्याकाळी..." त्यांनी पिंडाकडं बघितलं. "शेवटचा शब्द माझा तो हाय. कावळा नाय आला तर तो शब्द घेऊन मी जगू कशी?"

"काकू, सगळ्याच बायका म्हणतात नवऱ्याला असं."

"त्यांचे नवरे घरी हायत."

मी डब्याचं झाकण काढलं. पिंडाकडं निघाले, तर काकूंची नणंद भामाबाई आडवी आली. "हिनं पिंडाला हात लावायचा व्हय?"

"मी पाखरांना बोलवायला आलेय," म्हटलं. "तुमचा पिंड तुम्हालाच लखलाभ."

पिंडाजवळ एक गोळा ठेवला आणि मागं सरले. कावळा लगेच उतरला, गोळा उचलला, गेला. दुसरा ठेवला, तोही नेला. भाताकडं ढुंकून बघितलं नाही मेल्यानं! मागं काकूंचा हुंदका ऐकू आला. मला असा संताप आला म्हणून सांगू! माझ्या पोरीची कृती चोचीत घेऊन मिरवतोय आणि ह्या म्हातारीचा जीव टांगून ठेवलाय. लोकांकडं पाठ केली, तिसरा गोळा मुठीत चुरडला आणि सरळ पिंडात खुपसला. वरून भात दाबला.

कावळा आला. मान वाकडी करून बघितलं, आणि हाणली चोच पिंडात.

"शिवला! शिवला!" एकच गलका झाला. सुदर्शन जमिनीवर डोकं टेकून रडायला लागला. भामाबाईसुद्धा पदरानं डोळे पुसत होती. काकू माझ्या गळ्यात पडल्या. "नाय रागावले गं! मला माफ केलं त्यांनी."

शेंगदाण्यासाठी आला होता तो. मला माहीत होतं.

"व्हय काकू," मी म्हटलं. "तुमच्यावर कसे रागावतील?"

खोटं बोलले आणि बरं वाटलं. किती तरी महिन्यांनी कुणाच्या तरी उपयोगी पडल्यासारखं वाटलं. काकूंनी चूळ भरली, चार घोट पाणी घेतलं. चेहरा कसा मोकळा झाला होता. माझा हात हातात घेऊन त्यांनी मायेनं विचारलं, "तुझ्या श्रेयाच्या वेळी शिवला का गं लगेच?"

"आमच्यात नसतं ते, काकू."

त्या विचारात पडल्या. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या, खरंच नव्हतं.

"मग तुला कसं कळलं, पोर तुझ्यावर रागावून गेली नाय म्हणून?"

शेवटी श्रेयाच्या तोंडात नळी होती. माझ्याकडं बघून तिला काहीतरी सांगायचं होतं, बोटं हलवत होती. मी म्हटलं होतं, आधी बरी हो, मग सांग. तिनं डोळे मिटले. दमली होती की रुसली होती, कुणास ठाऊक.

"नाय कळलं, काकू," मी म्हटलं. "मला अजून नाय कळलेलं."

आणि परक्यांच्या दहाव्याला, सगळ्यांसमोर, मी तिथंच मातीत बसून मोठ्यानं रडले. काकू माझी पाठ थोपटत राहिल्या.