क्राऊन-पिनियनचे दात

रमाकांत मिस्त्रीवर माझा पहिल्यापासून भरवसा नव्हता. कारण विचाराल तर तो माझ्या म्हणण्याला फार लवकर हो म्हणाला.

झालं असं. आमच्या परागने कंपनीतली नोकरी सोडून पिकअप घेतली, बरुआसागर गावाकडचं आलं मंडीत पोचवायला. शेतापर्यंतच्या वाटा खड्ड्यांच्या आणि चिखलाच्या, म्हणून त्याने गाडी वीतभर उंच करून घेतली आणि तिला मोठी टायरं बसवली. गाडी रुबाबदार दिसायला लागली आणि चढावर धापा टाकायला लागली. रमाकांत हा त्याचा शाळेपासूनचा मित्र, शहरातल्या नगरा मोहल्ल्यात त्याचं गॅरेज. अशा उंच केलेल्या गाड्यांच्या कामासाठी दोघं मिळून दसऱ्याला शेड उघडणार होते. पुण्याहून चालून आलेली नोकरी परागने नाकारली ती या शेडच्या आणि या मित्राच्या जोरावर. तेव्हा माणूस पारखून घेणं मला भागच होतं.

मी बत्तीस वर्षं इकडे उत्तरेतच रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये काढली. मी रमाकांतला म्हटलं, "नुसतं इंजिन ट्यून करून भागणार नाही. जास्त डिझेल पाजशील, तर इंजिन तापेल. टायर मोठं झालं म्हणजे गिअरचं प्रमाण बदलायला हवं. मागचं क्राऊन-पिनियन बदल." क्राऊन-पिनियन म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी दातेरी चक्रांची जोडी. हे सगळं मी अर्थात हिंदीत सांगितलं. तो मान डोलावून म्हणाला, "सही कै रए अंकल जी. येई करेंगे."

वाद नाही, शंका नाही. मिस्त्री लोक कधी असे असतात का? माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

गाडी चार दिवसांनी आली. सोबत सूचनांची माळ. पहिले पाचशे किलोमीटर माल भरायचा नाही, गाडी पळवायची नाही, मग तेल बदलायला आणायची. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे पाचशे किलोमीटर चोरी उघडी पडायला नको. जुनं क्राऊन-पिनियन कुठे आहे विचारलं, तर म्हणे, "धरो है, दे देंगे." आमच्या शेडमध्ये जुना पार्ट जमा केल्याशिवाय स्टोअरवाला नव्याला हात लावू देत नसे. जुना दाखवत नाही म्हणजे नवा बसवलाच नाही, असं माझं साधं गणित.

"अहो, पोराचा मित्र आहे तो. आपल्या घरी जेवलाय," माझी बायको सिंधू म्हणाली.

"जेवणारेच गळा कापतात," मी म्हटलं. ती आत गेली.

रविवारी सकाळी मी गाडीखाली शिरलो. पुढच्या चाकांना विटा लावल्या, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, मागचं उजवं चाक जॅकवर उचललं. इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारली, एक चाकावर मारली. चाकाचा एक पूर्ण फेरा करायचा आणि तेवढ्यात शाफ्ट किती फिरतो ते मोजायचं. जुन्या दातांवर चार फेरे आणि थोडं जास्त यायला हवेत. नव्यावर जवळजवळ पाच.

आले अडीचच्याही आत. मी तीनदा मोजलं.

माझं रक्तच तापलं. चार आले असते तर म्हटलं असतं जुनंच ठेवलंय. हे तर कुठल्या तरी भंगारातल्या हलक्या गाडीचं बसवलेलं. चढावर माल भरल्यावर पोरगं मागे घसरत आलं असतं.

पराग दाढी करता करता बाहेर आला. त्याने जॅक पाहिला, खडू पाहिला. "बाबा, ते दुसरं चाक..." म्हणून काहीतरी सांगायला लागला.

"तू मला गिअर शिकवू नकोस. गाडी काढ."

त्याने तोंड पुसलं आणि गाडी काढली. वाटेत एक अक्षर बोलला नाही. मला वाटलं, मित्राने फसवलं म्हणून बिचाऱ्याला लागलंय.

गॅरेजमध्ये पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मऊरानीपूरचे एक व्यापारी त्यांची गाडी उंच करून घ्यायची म्हणून मुद्दाम चौकशीला आले होते. बरं झालं, साक्षीदार मिळाले, असं मला वाटलं. मी सगळ्यांसमोर रमाकांतला चोर म्हटलं. भंगार बसवून मित्राच्या जिवावर उठलास म्हटलं. आता आठवलं की माझे कान गरम होतात, पण तेव्हा मला फार छान वाटत होतं.

रमाकांतने परागकडे पाहिलं. पराग गाडीच्या दाराला टेकून खाली बघत होता. मग रमाकांत म्हणाला, "ठीक है अंकल जी. खोल देत हैं."

त्याने खरंच खोललं. तेल काढलं, दोन्ही बाजूंचे ॲक्सल ओढले, शाफ्ट सोडला, आणि आतला गोळा उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवला. दोन तास गेले. व्यापारी मध्येच उठून निघून गेले. रमाकांतने मला फडकं दिलं. "गिन लेव."

मोठ्या चक्राचे दात मी बोट लावून मोजले. एकोणचाळीस. पिनियनचे आठ. भागून पाहा, पाचला थोडं कमी. दात नवे कोरे, जुळणी तपासायला लावलेला निळा रंग अजून कडेला होता. मग त्याने ताडपत्रीखालून जुनं काढून शेजारी ठेवलं. एक्केचाळीस आणि दहा.

"मग अडीच कसे आले?" मी विचारलं.

"एकई पहिया उठाओ हतो?"

"हो."

तो सगळं समजावून सांगू लागला, अगदी शांतपणे, आणि तेच मला जास्त लागत होतं. रेल्वेच्या चाकांचा आस एकसंध, एक फिरलं की दुसरं फिरणारच. मोटारीचं तसं नाही. वळणावर आतलं चाक कमी फिरावं, बाहेरचं जास्त, म्हणून मधे सोय केलेली असते. एक चाक जमिनीवर धरून दुसरं एकदा फिरवलं, तर शाफ्ट निम्माच फिरतो. अडीचच्या आत म्हणजे दुप्पट करून पाचच्या आत. माझं मोजणं बरोबर होतं. बत्तीस वर्षं मी जी चाकं पाहिली, ती सगळी एकमेकांना घट्ट बांधलेली होती. घरी स्कूटरपलीकडे मी काही हाताळलं नव्हतं.

मी हात जोडले. "रमाकांत, माफ कर बाबा. माझी चूक झाली."

त्याने माझे हात खाली केले. "आप तो रेल के आदमी हैं अंकल जी. आपसे का सिकायत." मग तो परागकडे वळला. "तुमें तो पता हतो. तुम काय नईं बोले?"

रमाकांत पुन्हा गाडीखाली शिरला आणि एकट्याने जुळणी करत बसला. परागने पाना पुढे केला, तो त्याने घेतला नाही. गाडी आमच्या ताब्यात देताना परागला एवढंच म्हणाला, "दसहरा बाली बात रैन दो." म्हणजे दसऱ्याची शेड राहू दे.

परतताना मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तिथे सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही चारचौघांत बोलत होतात. तिथे तुम्हाला खोटं कसं पाडू?"

मी म्हटलं, "उद्या सकाळी मी त्याच्या घरी जातो. त्याच्या वडिलांसमोर पाय धरतो हवं तर. मला माफ करेल तो."

पराग गाडी सावकाश चालवत होता, सांगितल्याप्रमाणे.

"तुम्हाला त्याने केलंय, बाबा," तो म्हणाला.