माझ्या माथ्यावरची खाच

मी एका जुन्या मोटारीचं स्टिअरिंग आहे, मित्रांनो. बोलतोय म्हणून दचकू नका. रडगाणं ऐकावं लागेल अशीही भीती बाळगू नका, कारण मला हल्ली फारसं काही वाटत नाही. जे झालं ते सांगतो.

माझ्या पोटात पोलादाची कडी आहे आणि तिच्यावर ओतलेलं कडक, काळं प्लास्टिक. कारखान्यातून आलो तेव्हा असा चकचकीत होतो, की मालकांनी मला धरण्याआधी आपले हात शर्टाला पुसले. मालक म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर. गाडी त्यांचा जीव की प्राण. कुणी दार जोरात लावलं, तर पाहुणा असो की साहेब, लगेच ऐकवायचे, "कपाटाचं दार आहे का ते?"

मालकीणबाई चाळिशीत गाडी शिकल्या. ठेंगण्या होत्या, उशी घेऊन बसायच्या. चालवायच्या झकास, पण एक घोळ कायमचा. गाडी उभी केली की पुढची चाकं सरळ आहेत की वाकडी, ते त्यांना कळायचं नाही. सकाळी गाडी सुरू केली की ती भलतीकडेच तोंड करायची. मग एका दुपारी, मास्तर शाळेत असताना, त्यांनी चाकं सरळ करून घेतली, पाव कापायची दातेरी सुरी आणली आणि माझ्या माथ्यावर बरोबर मधोमध एक खाच पाडली. खाच वर आली की चाकं सरळ. संपलं.

संध्याकाळी मास्तरांचा पारा चढला. "अगं, काय केलंस हे! चांगल्या स्टिअरिंगला सुरी लावलीस?"

"मग काय खांबाला गाडी लावू?" असं म्हणून बाई भाजी निवडायला निघून गेल्या.

मास्तर बरेच दिवस धुसफुसत होते. पण पुढे त्यांचाच अंगठा तिथे जाऊन बसायला लागला. सिग्नलला थांबले की अंगठा खाचेत. दुकानाबाहेर बाईंची वाट बघत बसले की अंगठा खाचेत. "माझी खाच झिजवताय तुम्ही," बाई चिडवायच्या. खरंच झिजली. तिच्या कडा अगदी मऊ झाल्या.

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या. मास्तर दवाखान्यातून एकटेच गाडी चालवत आले. त्यांनी ती शेडमध्ये लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुन्हा आले नाहीत.

उन्हाळे आले नि गेले. वरचं प्लास्टिक सुकून आखडत गेलं, आतलं पोलाद काही आखडेना. मी तडकलो. आधी आऱ्यांपाशी, मग जागोजागी. दुखलं का, असं विचाराल, तर नाही. काहीच वाटलं नाही. शेडमध्ये कुणी आलंच, तर मास्तरांची मुलगी यायची, फोनवर बोलायला. "बाबा बोलतच नाहीत रे," ती भावाला सांगायची. "जेवलात का? हं. बाहेर जायचं का? हं. आईचा विषय तर निघतच नाही. मला धीर होत नाही, त्यांना नको वाटतं." एकदा ती म्हणाली, "गाडी नीट करून बघते. त्या निमित्ताने तरी शेडपर्यंत येतील." मित्रांनो, तिने सगळी आशा त्या गाडीवर ठेवली होती.

इंजिन गॅरेजवाल्याने पाहिलं. मला कवळीताईंकडे नेलं. या ताई पूर्वी दंतवैद्याकडे कवळ्या बनवायच्या. आता जुन्या स्टिअरिंगांच्या भेगा भरतात, पण सवय तीच. भेगेला त्या कीड म्हणतात. मला दिव्याखाली धरून म्हणाल्या, "आ करा बघू!" मग कानस घेऊन माझी एकेक भेग पार पोलादापर्यंत रुंद करायला लागल्या.

मुलगी घाबरली. "अहो ताई, तुम्ही तर अजून फोडताय!"

"कीड तशीच ठेवून वरून भरलं, तर परत उघडतं. आधी मोठी करायची, मग भरायची."

खडूने त्या भेगांवर फुल्या मारत गेल्या आणि फिरत फिरत माथ्यावर आल्या. खाचेवरून बोट फिरवलं. "ही बघा, सगळ्यात जुनी. कडासुद्धा झिजल्यात." तिच्यावरही फुली पडली. मुलगी जन्मभर मागच्या सीटवर बसलेली, माझा माथा तिने कधी जवळून पाहिलाच नव्हता. "एकही खड्डा दिसायला नको, ताई," ती म्हणाली. "अगदी नव्यासारखं करा."

मला ओरडावंसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही, आणि तोंडही नव्हतं. ताईंनी लगदा मळून भरला, वाळवला, पाणी लावून घासला, रंग दिला. काम अव्वल झालं, खोटं कशाला बोलू?

मला बसवायला ताई स्वतः आल्या. मुलीने मास्तरांना हाताला धरून आणलं. ते घरातल्या चपलांवरच सीटवर बसले. त्यांनी मला धरलं. अंगठा माथ्यावर गेला. थोडा डावीकडे सरकला, थोडा उजवीकडे, परत मधे आला.

"कुठे गेली?" ते म्हणाले.

मुलगी खिडकीशी वाकली. "काय, बाबा?"

"ती. कुठे गेली ती?"

बाबांना भ्रम झाला, असंच तिला वाटलं. तिने खिडकीची कड घट्ट धरली. "आई गेली, बाबा," ती म्हणाली. "आई वारली." या घरात हे वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं.

मास्तर तिच्याकडे वळले. "ते ठाऊक आहे गं मला. मी खाचेचं विचारतोय. इथे खाच होती, तिने पाडलेली."

"अगं बाई!" कवळीताईंनी कपाळावर हात मारला. "मी कीड समजून भरली हो! थांबा, आत्ता परत पाडून देते."

"नको," मास्तर म्हणाले. "ती तुमची होईल."

मुलगी तिथेच उभ्या उभ्या रडायला लागली, अगदी हमसून हमसून. मास्तर रडले नाहीत. त्यांनी हात लांब करून पलीकडचं दार उघडलं. "ये, पुढे बस." ती आईच्या जागेवर बसली. मग त्यांनी तिला पाव कापायच्या सुरीची गोष्ट सांगितली, अगदी पहिल्यापासून. ती रडता रडता हसली आणि विचारत राहिली, "मग? मग आई काय म्हणाली?"

आता दोघं अधूनमधून गाडीत येऊन बसतात. कधी फेरी मारतात, कधी नुसतेच बोलतात. खाच नेमकी कुठे होती, ते रंगाखाली आता मलाही कळत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू दुरुस्त करा, जरूर करा. पण आधी घरच्या माणसाला विचारा, यातली भेग कुठली आणि खूण कुठली. आम्हा वस्तूंना तोंड नसतं. माणसांना असतं, पण आपणहून ती ते उघडत नाहीत.