आईला रजिस्टर पोस्टाने

आईच्या गुडघ्यांनी गेल्या वर्षी काम सोडलं. तिची खोली वर, न्हाणीघर खाली. तेव्हापासून शिलाई मशीन दुरुस्त करणारा तिचा मुलगा तिला रोज खुर्चीसकट जिना उतरवायचा आणि खुर्चीसकट चढवायचा. हळूहळू त्याची पाठही गुडघ्यांच्या मार्गाला लागली. शेवटी त्याने न्हाणीघराला लागून खाली एक खोली काढायचं ठरवलं.

खोलीला नगरपालिकेची परवानगी लागते, आणि परवानगीआधी शेजाऱ्यांना कळवावं लागतं. ज्या बाजूला खिडकी, त्या बाजूच्या प्रत्येक मालकाला रजिस्टर पोस्टाने नोटीस, पोचपावत्या जोडायच्या, पंधरा दिवस हरकतींची वाट बघायची. रस्त्याच्या बाजूला नऊ मालक होते. मशीनवाल्याने नकाशात खिडकी मागे नेली. तिथे फक्त एक बोळ होता आणि बोळाला एकच मालक.

नोंदवहीत तो मालक म्हणजे आई निघाली. वडिलांनी कधीतरी तो बोळ तिच्या नावावर घेऊन ठेवला होता आणि सांगायचं विसरून वारले होते.

आई आमच्याच घरात राहते, असं त्याने कार्यालयातल्या बाईंना पटवून पाहिलं.

“शेजारच्या जागेच्या मालक आहेत ना?” बाईंनी मान वर केली नाही.

“आहेत. पण वरच्या मजल्यावर.”

“मग पत्त्यात मजला लिहा.”

नोटीस दोनदा ‘घर बंद’ शेरा घेऊन परत आली. पोस्टमन यायचा तेव्हा सून कामावर, आईला खाली येता येत नाही, आणि मशीनवाला पोचपावती आली का ते विचारायला कार्यालयात. तिसऱ्या वेळी तो दुकान बंद ठेवून घरी बसला, सुनेनेही रजा घेतली. पोस्टमनने ज्याच्या नावाचं पाकीट त्याचीच सही मागितली. जिना चढायला त्याने नकार दिला, त्यालाही गुडघे होते. मशीनवाल्याने आईला खाली आणलं.

तिने सही केली, चष्मा लावला आणि तळाच्या बारीक अक्षरांसकट सगळं वाचलं. मग सुनेकडे पेन मागितलं आणि ‘हरकत आहे’ या चौकटीत बरोबरची खूण केली.

“आई, ही नुसती पद्धत असते गं.”

“आठ महिने माझी खोली काढतोयस. मला आज कळलं, तेही पोस्टमनकडून.”

तुला उगाच त्रास नको म्हणून, असं काहीतरी तो पुटपुटला.

“वरून मला रस्ता दिसतो. खाली काय, बोळ बघत बसू?”

सूनबाईने भांडी आवाज न करता लावायला घेतली.

रस्त्याकडे खिडकी म्हणजे नऊ नोटिसा, नऊ पोचपावत्या, पुन्हा पंधरा दिवस, हे त्याने सांगितलं. तोवर रोज जिना आहेच, हेही. आईने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं.

“पाठ फार दुखते का रे?”

आजवर तो नाही म्हणत आला होता. “दुखते.”

“मग लिहायला बस. कार्यालयाची यादी नको, त्यातले निम्मे घर विकून गेलेत. मी सांगते.”

त्याने नकाशावरची खिडकी खोडली आणि कोरा कागद घेतला. समोरची नऊच्या नऊ घरं तिने न अडखळता सांगितली: कोण किती वाजता घरी असतं, कुणाची बेल बंद आहे.

“आणि कोपऱ्यावरच्या मास्तरांना गुरुवारी मिळेल असं बघ. गुरुवारी त्यांची लेक येते. त्या दिवशी ते कशालाच नाही म्हणत नाहीत.”