पोरं लाल आहेत तोवर

मी एक जुनी मरळ आहे. सिंदफणा नदीच्या एका डोहात जन्मले, आणि मला इथून हुसकायला आलेल्या सगळ्यांना पुरून उरले. तेव्हा मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल तर काठावरूनच परत फिरा.

पूर्वी उन्हाळा लागेपर्यंत नदी वाहायची. वाहत्या पाण्यात गारवा असतो आणि मासा ज्या हवेवर जगतो ती हवाही असते. रोहू, वाम, झिंगे, खेकडे, सगळे सुखात होते. मग वरच्या अंगाला बंधारे झाले, उसासाठी मोटारी बसल्या आणि नदीची धार बारीक होत होत बंद पडली. उरलेलं पाणी तापलं, शेवाळलं. रोहू वर येऊन तोंडं वासायचे आणि सकाळी पांढरी पोटं वर करून तरंगायचे. मी तगले, कारण मरळीला पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेता येतो. पण शेजारी असे मेलेले मला खपले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही.

एका साली श्रावणही कोरडा गेला. डोहात माणसाच्या गुडघ्याएवढं पाणी उरलं आणि नेमकी तेव्हाच माझी पिल्लं निघाली. मरळीची पिल्लं लालभडक असतात, घोळक्यानं फिरतात. मी एकटी ओल्या चिखलावरून सरपटत दुसरा खड्डा गाठू शकले असते. पिल्लांना ते जमणारं नव्हतं. म्हणून मी हलले नाही.

मच्छीमार संस्थेचा सुग्रीव भोई जाळं घेऊन आला. "वैनी, पाणी चाललंच हाय, तर मासा तरी काढू," तो भावजयीला, छबुबाईला म्हणाला.

"पोरं लाल हायेत तवर मरळीवर जाळं टाकत न्हाईत," छबुबाई म्हणाली. भोयांची ती रीतच आहे. "तुजा बाप टाकत नव्हता, तू कावून टाकतो?"

सुग्रीवनं जाळं गुंडाळलं. पण उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन बंकटराव काही भोई नव्हते. त्यांनी डोहात पाइप सोडला, मोटार सुरू झाली आणि माझी पिल्लं पाइपाच्या तोंडाकडे ओढली जाऊ लागली.

छबुबाई तशीच पाण्यात उतरून पाइपाला आडवी झाली. "चेअरमनसाहेब, मोटार बंद करा."

"सभासदांचा ऊस जळायलाय. मासा मोठा का माणूस?" असं म्हणत बंकटराव तिला बाजूला करायला पाण्यात शिरले. त्यांचा पाय थेट माझ्या पिल्लांत पडला. मी त्यांच्या पोटरीला कडकडून चावले.

चेअरमन धोतरासकट चिखलात बसले. काठावरचे सभासद हसू लागले. तेवढ्यात म्हाळू गडी उसाच्या पाटातून ओंजळ भरून आला. "मालक, पाटात ही लाल मासळी तडफडायलीय."

चिखलातून उठून बंकटरावांनी ओंजळीत पाहिलं. मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "किती दिवस थांबायचं?"

"लाली जाईस्तोवर," छबुबाई म्हणाली.

त्यांनी मोटार बंद करायला लावली. पण पाटात गेलेली माझी पिल्लं गेलीच.

मित्रांनो, बंधाऱ्यातून नदीपुरतं पाणी खाली सोडत जा. ही भीक नाही, ते पाणी नदीचंच आहे. नाही सोडलंत, तर डोहात पाय जपून टाका. वाचलेल्या पोरांची लाली आता गेली आहे, आणि त्या सगळ्यांना दात आले आहेत.