भाजलेल्या मातीचे घर

मित्रांनो, माझ्यात वीट नाही, लाकूड नाही, पत्राही नाही. नाशिकजवळ आडगावच्या शिवारात उभे असलेले मी एक जुने मातीचे घर आहे. पालथ्या घातलेल्या मोठ्या रांजणासारखा माझा आकार. दोन पुरुष उंचीचा!

मला घडवले चंद्रभागाबाईंनी. त्या शाळेत चित्रकला शिकवत. त्यांचे वडील इगतपुरीकडे धरणांच्या कामावर मजूर होते. काम संपले की झोपडी मोडायची, पोती आणि बांबू डोक्यावर घेऊन पुढच्या कामावर जायचे. लहानपणी त्यांनी कितीतरी घरे अशी मोडताना पाहिली. म्हणून कधीच न मोडणारे एक घर त्यांना मातीतून करायचे होते.

त्या मल्हारी कुंभारांकडे गेल्या, तेव्हा ते हसले. "बाई, मडकं भाजत्यात. घर कुणी भाजतं का?"

पण त्यांच्या पत्नी साळूबाई म्हणाल्या, "करून तर बघू. माती आपलीच हाय."

सन १९८२च्या हिवाळ्यात तिघांनी मिळून माती, राख आणि घोड्याची लीद मळली, दोरासारख्या लांब वळकट्या केल्या आणि एकावर एक रचल्या. मी वाळलो. मग माझ्या पोटातच भट्टी पेटवली. तीन दिवस ती धगधगत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या भिंती आधी लाल, मग केशरी झाल्या. शेजारच्या रस्त्याने मालेगावला निघालेली एसटी थांबली.

"घर पेटलं का हो?" ड्रायव्हरने विचारले.

"पेटलं नाय, भाजतंय," मल्हारी म्हणाले.

ड्रायव्हरने नकळत हात जोडले. मित्रांनो, माती दगड होताना काय वाटते, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. मी निवलो, तेव्हा साळूबाईंनी बोटाने टिचकी मारली आणि माझ्या अंगातून घंटेसारखा नाद निघाला.

मुंबईहून चित्रकार आले, फोटो निघाले, कौतुक झाले. पण पहिल्याच पावसाळ्यानंतर माझ्या छताला एक लांब तडा गेला. चंद्रभागाबाईंचा चेहरा उतरला. "कुणाच्या डोक्यावर पडलं तर?" असे म्हणून त्यांनी दाराला आडवा दोर बांधला. मग कोणी येईना. माझ्याभोवती गवत माजले. ओझरच्या विमान कारखान्याची विमाने तेवढी वरून जात.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, एका दुपारी आभाळ काळेभोर झाले आणि लिंबाएवढ्या गारा कोसळू लागल्या. शेजारच्या द्राक्षबागेत पेठकडचे मजूर काम करत होते. चिमणाबाई नावाच्या म्हाताऱ्या आजीने नातवाला पोटाशी धरले, दोर बाजूला सारला आणि ती आत शिरली. मागून आणखी सातजण आले.

मल्हारी डोक्यावर घमेले धरून ओरडत आले, "बाहेर या! तडा हाय वरती!"

"बाहेर काय हाय रं बाबा? गाराच ना?" चिमणाबाई म्हणाली.

मी भ्यालो. तडा माझाच होता. दर गारेसरशी तो कुरकुरत होता. मी पडलो तर हे नऊ जीव माझ्याखाली! घमेल्यावर ताडताड आवाज होऊ लागला, तसे मल्हारीही आत आले. सगळे भिंतींना टेकून बसले. बाहेर बाग झोडपली जात होती. आत चिमणाबाईचा नातू रडायचा थांबला. मी जागचा हललो नाही. एवढे बळ माझ्यात होते, हे मलाच ठाऊक नव्हते.

तडा आठवून चंद्रभागाबाई पंचवटीहून सायकल दामटत आल्या. गारा थांबल्या होत्या, पाऊस कोसळत होता. दोर चिखलात पडलेला. आतली माणसे पाहून त्या दाराबाहेरच थबकल्या. नखशिखांत भिजत उभ्या राहिल्या.

हे घर कोणाचे, हे चिमणाबाईला कुठे ठाऊक? ती थोडी सरकली आणि म्हणाली, "ये बाय, आत ये. भिजशील. जागा हाय."

चंद्रभागाबाई वाकून आत आल्या, तिच्याशेजारी बसल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी मल्हारींनी तडा लिंपला. तेव्हापासून माझे दार मोकळे आहे. मित्रांनो, माझ्यासारखे एखादे जुने घर तुमच्याही गावात असेल. त्याची झाडलोट करा, भेगा वेळच्या वेळी लिंपा. आणि दारात कोणी भिजत उभे दिसले, तर नाव विचारण्याआधी थोडे सरका.