तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर

“बैग नीचे रखो ना, आराम से बैठो,” गुंडू टायपिस्ट म्हणाला.

कंदसामीनं मांडीवरची रेक्झिनची बॅग काही हलवली नाही. तिच्यावर पांढऱ्या रंगानं ठळक इंग्रजी अक्षरांत ‘योगराजन’ असं नाव रंगवलं होतं. माणूस कंदसामी आणि बॅग योगराजनची! गुंडूला आता चैन पडणार नव्हतं. “नसत्यो चौकश्यो कित्याक करतास?” असं सावंतवाडीला त्याची बायको मंगला दर रजेत सुनवायची, पण खोड काही जात नव्हती.

साल चौऱ्याऐंशी. कंदसामी इथल्या, आखातातल्या सलमाबादच्या वर्कशॉपातला वेल्डर, श्रीलंकेच्या उत्तरेकडचा तमिळ. आदल्या वर्षीच्या दंगलींपासून घरी जायची त्याला धास्ती होती आणि इथला व्हिसा दहा दिवसांत खलास होत होता. एका परदेशी वकिलातीकडे त्यानं आश्रय मागितला होता. तिनं उलट प्रश्न पाठवले होते आणि उत्तरं आज दुपारी बारापर्यंत द्यायची होती. तिसरा प्रश्न असा, की तुमच्याच देशाच्या दुसऱ्या एखाद्या भागात तुम्हाला राहता येईल का, आणि तिथवर सुखरूप पोचता येईल का?

यात विचारायचं काय? मनाम्यातल्या त्या चिंचोळ्या दुकानात गुंडूनं अकरा वर्षं नोकरीचे अर्ज बडवले होते. साहेबाला नकार आवडत नाही, हे त्याचं शास्त्र. कुठंही काम करशील? होय. कुठल्याही शिफ्टला येशील? होय. त्याच झोकात त्यानं टाइप केलं, ‘होय, कुठंही राहायला तयार आहे.’ इंग्रजी वाचता न येणाऱ्या कंदसामीनं मुकाट्यानं सही केली.

आता चौकशीला मोकळीक होती.

“फिर कौन से गाँव जाएगा?”

“किधर भी नहीं, भाई.”

गुंडूला हे पटेना. भावकीशी बिनसलं तेव्हा तो स्वतः सावंतवाडीहून मुंबईच्या एस्टीत बसला होता आणि पार पनवेलपर्यंत घोरला होता. वाटेत कुणी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

“बस पकड़ने का, दूसरी जगह उतरने का. उसमें क्या?”

“हमारा कार्ड में जनम का गाँव लिखता. रस्ते में मिलिट्री बस रोकता, कार्ड देखता.” कंदसामीनं बॅगेवर हात ठेवला. “ये छोटा भाई का. एअरपोर्ट से घर का बस में बैठा. बैग घर आया, भाई मफी, नहीं आया. माँ बैग इधर भेजा. बोला, तू मत आ.”

गुंडूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं सही झालेला कागद ओढून घेतला.

“मैंने गलत लिखा. ‘हाँ’ लिखा था. वो पढ़के बोलेगा, फिर उधर ही रहो.”

कंदसामी रागावला नाही. “इधर नौकरी को आने का फॉर्म में भी हाँ ही लिखा था,” तो म्हणाला.

गुंडूनं कागद फाडला आणि नवा चढवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या मशीनवर ‘नाही’ उमटलं. राहता येणार नाही. तिथवर पोचताही येणार नाही. कारण म्हणून त्यानं भावाची हकिगत घातली आणि नावापाशी अडला.

“स्पेलिंग?”

कंदसामीला ते येत नव्हतं. त्यानं पहिल्यांदा बॅग मांडीवरून उचलली आणि नाव दिसेल अशी मशीनशेजारी उभी केली. गुंडू एकेक अक्षर बघून टाइप करत गेला.

साडेअकरा झाले होते. कंदसामीनं नव्या कागदावर सही केली, तो बॅगेत ठेवला, चेन ओढली आणि बॅग छातीशी धरून तो उन्हात उतरला. गुंडू दारापर्यंत गेला, पण त्यानं काही विचारलं नाही.