सुईच्या टोकाएवढं तेल

लिफ्टचे मिस्त्री आजारपणात जेवायचे ते गाडीच्या आवाजावर. गाडी म्हणजे छोटी आगगाडी, जपानची, केशरी रंगाची, दोन डब्यांची. एकेक डबा वीतभरसुद्धा नाही. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना धडधाकट असताना कधी खपलं नाही. आता कोणी काहीही म्हटलं असतं तरी त्यांना उलट बोलता आलं नसतं. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही.

पलंगाला लागून एक फळी होती, फळीवर रुळांचा लांबट फेरा. बायको बटण फिरवायची, गाडी निघायची. फेऱ्यात एका ठिकाणी मिस्त्रींनी रुळांचा सांधा मुद्दाम जरासा सैल ठेवला होता. तिथे आलं की चाकं बोलायची, टकटक, टकटक. तो आवाज झाला की मिस्त्रींचा जबडा सैल पडायचा, ओठ विलग व्हायचे, आणि बायको कुस्करलेल्या बटाट्याचा चमचा आत सारायची. पुढची टकटक, पुढचा चमचा. गाडी थांबली की तोंड बंद.

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. रुग्णालयातून घरी आणल्यावर दोन दिवस त्यांनी दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं होतं. डॉक्टर येऊन सांगून गेले होते, की तोंडाने जातंय तोवर घाला, ज्या दिवशी जाणार नाही त्या दिवशी नाकातून नळी. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिने आईला फोनवर बजावलं होतं, की बाबांनी तोंड मिटलं तर ती वाट बघणार नाही, रुग्णवाहिका बोलावून सरळ भरती करेल. तिचंही चूक नव्हतं. पण मिस्त्रींच्या थोरल्या भावाला तशी नळी लावली होती, आणि त्यांनी ती उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधले होते. तिथून परतताना मिस्त्री जिन्यात थांबून बायकोला म्हणाले होते, "मला असं दोन मजल्यांच्या मध्ये टांगून ठेवू नका."

म्हणून तिसऱ्या दिवशी हताश होऊन, त्यांचं मन रमावं एवढ्याच आशेने तिने गाडी सोडली, आणि पहिल्याच टकटकीला त्यांनी आ केला. तिने मनातल्या मनात हात जोडले. देव कोणत्या वाटेने येईल सांगता येत नाही; तो जपानहूनही येतो.

या छंदाला तिने कधी नाक मुरडलं नव्हतं. मिस्त्रींना निवृत्तीच्या आधीच तो जडला, आणि त्यात त्यांना जोडीदार मिळाला तो दातांच्या कवळ्या बनवणारा एक शेजारी. सगळे त्यांना कवळीवालेच म्हणत. दोघं रविवारी संगणकापुढे बसायचे आणि जपानमधल्या जुन्या मालाच्या दुकानांत शिरायचे. भाषा दोघांनाही येत नव्हती. यंत्र जे भाषांतर करून देई त्यावर दोघं पोट धरून हसायचे. "खोक्याच्या कोपऱ्याला थकवा आहे." "गाडीला धावण्याचा अनुभव नाही." एकदा आलं, "डब्यांना आजोबांचा वास आहे, संवेदनशील व्यक्तींनी टाळावे." त्यावर कवळीवाले म्हणाले, मग ही आपल्यालाच घ्यायला हवी, आपला वास त्यात खपून जाईल.

ती केशरी गाडी हीच. खोकं पुस्तकासारखं उघडायचं, आत काळ्या फोममध्ये प्रत्येक डब्यापुरती कोरलेली जागा. सोबत बारीक पाट्यांचा एक कागद, गावांची नावं असलेल्या. त्या गाडीवर चिकटवायच्या असतात. पहिल्या मालकाने त्या तशाच राखल्या होत्या आणि मिस्त्रींनीही राखल्या. चिकटवल्या की गाडी कुठेतरी जाणारी होते, नाही चिकटवल्या तर कुठेही जाऊ शकते, असं ते म्हणत. कवळीवाले म्हणत, हे मिस्त्रींचं दुखणं आहे. जन्मभर माणसांना वर नेलं आणि खाली आणलं, पुढे म्हणून कोणाला नेलं नाही.

"आणि हे कोण विकतं, ठाऊक आहे का?" मिस्त्री एकदा बायकोला म्हणाले होते. "गेलेल्यांच्या घरचे. माणूस जातो, खोकी उरतात."

तिचा सकाळचा नेम होता. उठून अंघोळ, मग प्रार्थना, मग माळ, आणि माळ पुरी होईपर्यंत मौन. लग्न झाल्यापासून तो कधी मोडला नव्हता. लेकीच्या वेळी कळा येत असतानाही तिने सासूला खुणेनेच सांगितलं होतं. मिस्त्री थट्टा करायचे, की आपल्या संसारात एवढाच वेळ सगळं सुरळीत चालतं. पण त्या वेळात ते स्वतःही सहसा बोलत नसत. गाड्या पुसत बसत.

तशाच एका सकाळी त्यांनी गाडी उलटी करून पोटात तेल सोडताना तिने पाहिलं होतं. तेव्हा ते तिच्याकडे न बघता म्हणाले होते, "तेल नाही मिळालं तर ही जात मरते." किती आणि कधी, ते बोलले नाहीत. तिचं मौन होतं, तिनेही विचारलं नाही.

आता गाडीवर त्यांचा घास टांगलेला होता. तेव्हा माळ संपली की ती केशरी गाडी उपडी करी, शिवणयंत्राच्या बुधलीतून एक थेंब आत सोडी आणि देवाचं नाव घेई. जे जिवंत ठेवायचं त्याला रोज हात लागायला हवा, एवढंच तिला ठाऊक होतं. आठवड्यातून एकदाच पुजायचा देव तिच्या घरात नव्हता. ज्या दिवशी मिस्त्री चार घास जास्त खात, त्या दिवशी ती एक थेंब जास्त देई.

आधी गाडी चढाला घसरल्यासारखी करू लागली, खरं तर फळीवर चढ नव्हताच. मग रुळांवर काळा राप धरू लागला. ती फडक्याने पुसायची, दुपारी पुन्हा तेच. मग वास यायला लागला, वायर तापल्यासारखा. तिला वाटलं कोरडी पडली असेल, म्हणून दोन थेंब दिले. एका दुपारी गाडी सांध्याच्या अलीकडेच कण्हली आणि उभी राहिली. चमचा हातात राहिला. मिस्त्री रुळांकडे बघत होते. मग त्यांनी तोंड मिटलं.

तिने दुसऱ्या गाड्या काढल्या. कपाटभर होत्या, निळ्या, चंदेरी, एक तर नाकाडी, वाऱ्यासारखी. सगळ्या धावल्या. पण त्यांचा आवाज वेगळा, सांध्यावरून त्या नुसत्या कुजबुजत जायच्या. मिस्त्री डोळे मिटून घ्यायचे.

कवळीवाले आले. कवळ्या घासायची बारीक हत्यारं घेऊनच आले होते. त्यांनी गाडीचं कवच उचललं आणि थबकले. आत सगळं तेलात पोहत होतं. मोटर काळी पडली होती, चाकांवरची रबरी कडी फुगून सैल झाली होती, आणि तेलाने प्लास्टिकचा सांगाडाच तडकला होता.

"तेल कोणी दिलं, वहिनी?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मी. रोज."

ते हत्यारं पुसू लागले. मग म्हणाले, मोटर जुनीच होती, कधीतरी जाणारच होती. खोटं बोलताना माणूस हत्यारं पुसतो. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, मिस्त्री स्वतः किती द्यायचे. कवळीवाल्यांनी एक सुई उचलून दाखवली. टोकावर मावेल एवढं. वर्षातून एकदा.

ती मान हलवून आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. पेला तिने त्यांच्यापुढे ठेवला.

दुसऱ्या गाडीची मोटर हिला बसत नव्हती. कवळीवाल्यांनी तिथेच बसून जपानमध्ये शोधलं. तशीच एक सापडली. पैसे भरले, पण यायला काही आठवडे लागणार होते, आणि मिस्त्रींकडे आठवडे नव्हते. म्हणून निघण्यापूर्वी त्यांनी मोटर आणि दाते काढून टाकले आणि डबे पुन्हा जोडून रुळांवर ठेवले. आता चाकं मोकळी होती. "फिरेल," ते म्हणाले, "पण ढकलावी लागेल."

दुपारी तिने स्टूल फळीला चिकटवून घेतलं. डाव्या हाताच्या बोटाने गाडी ढकलायची, उजव्या हातात चमचा. पलीकडच्या बाजूला हात पुरत नव्हता म्हणून ती अर्धी फळीवर ओणवत होती. गाडी सांध्यावर आली. टकटक, टकटक.

मिस्त्रींनी आ केला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने घास दिला, पुन्हा वळसा, पुन्हा घास. अख्खी वाटी संपली, आजारपणात कधी संपली नव्हती तशी. पण या वेळी ते गाडीकडे बघत नव्हते, तिच्या बोटाकडे बघत होते. शेवटचा घास गिळून त्यांनी डावा हात कष्टाने उचलला आणि तिच्या बोटावर ठेवला. गाडी त्या दोन हातांखाली थांबली. मग त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

नंतर कितीही टकटक केली तरी त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पाण्याने ओठ ओले करू देत, एवढंच. तिने वेग बदलून पाहिला, श्वास रोखून ढकलून पाहिलं. पण ज्याने जन्मभर मोटरी ऐकल्या त्याला कोण फसवणार? मोटर एका सुरात जाते. हात दमतो, मध्येच श्वास घेतो.

आणि मग तिला त्यांचं कामावरचं बोलणं आठवलं. लिफ्ट मध्येच अडकली की ते वरच्या खोलीत जात, ब्रेक सोडत, आणि लोखंडी चाक हाताने फिरवून ती जवळच्या मजल्यावर आणत. दार उघडून आतल्यांना उतरवत. मग दारावर पाटी लावत, बंद आहे. नव्या पोरांना ते एकच सांगत: हाताने फिरवायचं ते माणसं उतरवण्यापुरतं. हाताने लिफ्ट चालवत नसतात.

लेकीला कळवणं भाग होतं. ती सकाळीच आली, सोबत रुग्णालयाची गाडी आणि स्ट्रेचर घेतलेले दोन कर्मचारी. आई माळ घेऊन बसली होती. लेकीने बाबांच्या गालाला हात लावला, कपड्यांची पिशवी भरायला घेतली, मध्येच थांबली. ती रागावली होती आणि रडतही होती. किती दिवस झाले, मला आधी का नाही सांगितलंस, असं ती पिशवीशीच बोलत होती. कर्मचाऱ्यांनी स्ट्रेचर पलंगाला लावायला म्हणून फळी सरकवली. केशरी डबे घरंगळत सांध्यावरून गेले. टकटक. मिस्त्रींचे डोळे उघडेच होते. ते बायकोकडे बघत होते.

"आई, निदान आज तरी तोंड उघड," लेक म्हणाली. "तुझ्या देवाला चालेल."

आईने माळेचा जो मणी बोटात होता तो सोडला. माळ अर्धीच मांडीवर ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. माळ पुरी होण्याआधी तिचा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. तो तिला स्वतःलाही परका वाटला. "खूप फिरवलं हाताने. त्यांना उतरू दे आता."

लेक लहान असताना एकदा बाबांबरोबर त्या वरच्या खोलीत गेली होती. चाक फिरवताना त्यांच्या मानेवरून ओघळणारा घाम तिने पाहिला होता, आणि खाली दार उघडल्यावर बाहेर पडलेली एक म्हातारी, भिंतीला धरून उभी. लेकीने पिशवीतले कपडे एकेक करून परत काढले. मग कर्मचाऱ्यांना दारापर्यंत सोडायला गेली, आणि जिन्यात किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

मिस्त्री त्याच आठवड्यात गेले. हात मोकळे होते, एक बायकोच्या हातात, एक लेकीच्या.

पार्सल त्यानंतर आलं. कवळीवाले ते घेऊन दारात उभे राहिले. परत पाठवू का, म्हणाले. तिने आत घेतलं. तसंच खोकं, पुस्तकासारखं उघडणारं, तसाच काळा फोम, पाट्यांचा कागद अस्पर्श. दुकानाने या गाडीबद्दल काय लिहिलं होतं, असं तिने विचारलं. कवळीवाल्यांनी नको नको म्हणत सांगितलं: "मालकाचा प्रवास संपला. गाडी चालू स्थितीत आहे."

या वेळी कोणी हसलं नाही.

तिने गाडी रुळांवर ठेवली आणि बटण फिरवलं. गाडी एका सुरात निघाली. रिकाम्या पलंगाजवळून गेली, सांध्यावर बोलली, परत आली. तेवढा एक फेरा तिने उभ्यानेच ऐकला. मग बटण बंद केलं, डबे पुसून त्यांच्या त्यांच्या जागी ठेवले आणि खोकं कवळीवाल्यांच्या हातात दिलं.

"ही घेऊन जा. आणि बाकीच्याही द्या, ज्याला आवड असेल त्याला," ती म्हणाली. "फक्त देताना त्याच्या घरच्यांनाही सांगा. तेल वर्षातून एकदा. सुईच्या टोकावर मावेल एवढं."